खिळा ठोकलेलं आयुष्य

लॉक्रिज घराण्यानं आमच्याकडे धाडलेला माणूस मराठी बोलणारा होता. तेव्हाच मी ओळखलं, काम वाईट आहे.

मी दुकानात एका नवरीच्या झग्याची कंबर उसवत बसले होते. दाराची घंटा वाजली. चाळिशीचा एक माणूस आत आला, बुटांवरचा बर्फ झटकला आणि बाकरवडीचा पुडा काउंटरवर ठेवला.

"नमस्कार काकू. मी सलील खांबेटे. न्यू जर्सीचा."

"पँट आखूड करायचीय?"

"नाही, मी जरा वेगळ्या—"

"मग काकू कशाला म्हणतोस? या गावात मला मिसेस म्हेत्रे म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते तुला ज्यांनी पाठवलं त्यांना विचार."

तो हसला नाही. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

आमचं गाव पोर्ट ऑबिन. कॅनडाच्या सरहद्दीलगत, तळ्याच्या काठावर. तळ्यात बेट आहे आणि बेटावर लॉक्रिजांचा बंगला. एवरेट लॉक्रिजचा पणजोबा गव्हर्नर होता, आजोबा सिनेटर, बाप राजदूत. एवरेट तेहेतिसाव्या वर्षी सिनेटला उभा होता आणि लोक म्हणायचे, हा एक दिवस राष्ट्राध्यक्ष होणार. आपल्याकडे आमदाराच्या नातवाच्या बारशालाच चौकात फलक लागतात ना, तसंच. इथं फलक तेवढे दिसत नाहीत.

त्या घराण्याची एक चाल होती. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी घरातल्या थोरल्या मुलानं पणजोबाचा जुना ट्रक गोठलेल्या तळ्यावरून बेटावर न्यायचा. गाव काठावर उभं राहून टाळ्या वाजवायचं. ट्रक सुखरूप पोचला की तळं सगळ्यांना मोकळं झालं, असं समजायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी एवरेट तसाच बेटावर गेला. बरोबर माझी मुलगी ऋजुता होती. चोवीस वर्षांची. ती त्याची भाषणं लिहायची. बेटावर मेजवानी झाली, प्यायले, आणि दिवस मावळायच्या सुमाराला दोघं परत निघाले. सरळ वाटेनं नाही, चिंचोळ्या बाजूनं. तिथं नदी तळ्यात येते. खाली पाणी वाहतं राहतं, म्हणून वरचा बर्फ पातळ असतो. ट्रक खाली गेला. दोघंही गेली.

ट्रक इतका जुना की त्यात एकही संगणक नव्हता, म्हणजे कोण चालवत होतं याची नोंदच नाही. काठावरची गर्दी केव्हाच पांगली होती. कुणी पाहिलं नाही. मग लॉक्रिजांच्या घरून सांगण्यात आलं, एवरेटला बरं वाटत नव्हतं म्हणून त्यानं गाडी ऋजुताकडे दिली आणि तिला बर्फ कळला नाही.

या तळ्यावर वाढलेल्या मुलीला बर्फ कळला नाही!

गावानं ते मान्य केलं. जे लोक दरवर्षी त्या ट्रकला टाळ्या वाजवायचे, त्यांनीच मान्य केलं. माझ्या दुकानाच्या काचेवर कुणीतरी लाल रंगानं लिहिलं, 'तुमच्या पोरीनं आमचा राष्ट्राध्यक्ष मारला.' काठावर दगड बसवला, त्यावर एकट्या एवरेटचं नाव. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. उरलेली बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघायची नाहीत.

"बोल," मी सलीलला म्हटलं. "एकदाच सांग आणि पुडा घेऊन जा."

तो एका यंत्राचं बोलू लागला. मी त्याच्याबद्दल बातम्यांत ऐकलं होतं. इंग्रजीत त्याला ब्रँच म्हणतात. आम्ही पुढे घरात फांदीच म्हणायला लागलो.

"माणूस जातो, पण त्याच्या खुणा राहतात," सलील म्हणाला. "फोन, घड्याळ, रस्त्यावरचे कॅमेरे, मेल, दवाखान्यातल्या तपासण्या. ऋजुताच्या पिढीच्या तर पाळण्यापासूनच्या खुणा आहेत. त्या सगळ्या जोडून यंत्र माणूस उभा करतं. त्याच्या भोवतीची माणसंही उभी करतं. मग घडलेली एक गोष्ट बदलायची आणि पुढे सोडून द्यायचं. असं लाख वेळा. दर वेळी आयुष्य थोडं वेगळं वळतं. बहुतेक वळणं जिथं जुळतात, तो माणूस तसा जगला असता असं धरायचं."

"आणि बदल कुठला करायचा, हे कोण ठरवतं?"

"यंत्रच शोधतं. बदल लहानात लहान हवा. मोठा बदल केला तर ते गणित राहत नाही, मनातले मांडे होतात. आणि तो बदल चित्रपटाच्या पहिल्याच वाक्यात लोकांना सांगावा लागतो. कायदाच आहे तसा."

"म्हणजे एवरेटचा चित्रपट काढताय."

"हो. त्याचा पुतण्या प्रेस्टन राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतोय. निवडणुकीआधी लोकांना दाखवायचंय, एवरेट जगला असता तर देश कसा झाला असता."

"आणि पहिलं वाक्य काय?"

तो बाकरवडीच्या पुड्याकडे बघत म्हणाला, "अजून यंत्रावर चढवलेलं नाही. पण त्यांना वाटतं, ऋजुतानं स्टिअरिंग डावीकडे वळवलं असतं तर, असंच निघेल."

मी कात्री खाली ठेवली. हातात ठेवणं बरं नव्हतं. इतकी वर्षं गाव म्हणत होतं, आता यंत्र म्हणणार होतं. गावाचं म्हणणं गावाबरोबर मरतं. यंत्राचं म्हणणं शाळेत शिकवतात.

मागच्या खोलीतून आमचे हे बाहेर आले. दिनकर म्हेत्रे, कागद कारखान्यात फिटर होते, आता माझ्या दुकानात इस्त्री करतात. हातात इस्त्री तशीच होती.

"त्या आयुष्यात," ते म्हणाले, "आमची ऋजू पण वाचते का?"

"हो काका. दोघंही वाचतात."

"म्हणजे त्रेचाळीस वर्षांची असेल आता."

"इस्त्री खाली ठेवा," मी म्हटलं. "भाजून घ्याल."

सलीलला आम्ही दोघं हवे होतो. खुणांवरून माणूस बाहेरून कळतो, आतून कळत नाही. म्हणून शेवटच्या प्रसंगात जे होते त्यांच्या घरच्यांना एका खोलीत बसवतात आणि यंत्र त्यांना विचारत जातं, हा असा वागला असता का, ही तशी बोलली असती का. सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकायचं, म्हणजे कुणी आपल्या माणसाला उगाच देव बनवत नाही. त्याला ते बैठक म्हणत होते.

"आणि बैठकीला बसलेल्याला एक हक्क असतो," सलील म्हणाला. बहुधा हे सांगणं त्याच्यावर बंधनकारक असावं, कारण तो पाठ केल्यासारखं बोलला. "कधी कधी यंत्राला एखादी गोष्ट पटत नाही. तेव्हा ती जबरदस्तीनं पक्की करता येते. त्याला आम्ही खिळा म्हणतो. खिळा ठोकला की यंत्र ती गोष्ट धरून चालतं आणि बाकीचं तिच्याप्रमाणे वाकवून घेतं. बसलेल्या कुणीही विचारलं, खिळा कुठे ठोकलाय, तर उत्तर द्यावंच लागतं. आणि ते उत्तर जाहीर होतं."

"कुणी विचारतं का?"

"आजवर कुणी नाही. ज्याला आपलं माणूस परत दिसतं, तो खिळे शोधत बसत नाही काकू."

मी नाहीच म्हणणार होते. पण दिनकर इस्त्री घेऊन तसेच उभे होते. आणि मला ते पहिलं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं जाताना बघायचं होतं. लिहिणाऱ्यांना माझं तोंड दिसायला हवं होतं.

लॉक्रिजांच्या संस्थेची इमारत तळ्याकाठी आहे, सगळी काचेची. आम्हाला लोकरी टोप्यांसारख्या टोप्या घातल्या, आतून गार तारा. समोर एवरेटची आई, कॉर्नेलिया लॉक्रिज. पंचाऐंशीच्या घरात, पाठ अजून ताठ. या गावात मी तिला शेकडो वेळा पाहिलं होतं. मी तिला आज पहिल्यांदा दिसले असावे.

"मिसेस म्हेत्रे," ती म्हणाली. "आपण दोघींनी खूप सोसलं."

"तुम्ही दगडाशेजारी सोसलं," मी म्हटलं. "मी लाल रंग खरवडत सोसलं."

तिचा वकील खोकला. दिनकरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आधी आम्हाला चित्रपटाचा एक तुकडा दाखवला. यंत्रानं अजून कच्चाच काढलेला होता. एवरेट सिनेटर झाला. स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभा राहून त्यानं एक युद्ध थांबवलं. पंचेचाळिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष. पुरात बुडालेली शहरं त्यानं उंचावर वसवली, साखरेच्या आजाराचं औषध फुकट केलं, गावोगावी रेल्वे नेली. दोनदा निवडून आला आणि, आजच्याही पुढच्या वर्षांत, म्हातारपणी बेटावर सफरचंदाची झाडं लावत बसला. इतक्या वर्षांत गडी एकदाही शिंकला नाही.

ते मी सहन केलं. मेलेल्या मुलाला आई काय काय नेसवील त्याला माप नसतं.

पण मग त्याचं शपथविधीचं भाषण आलं. लाखो लोक उभे, आणि एवरेट म्हणतो, "कोण गारठलंय ते आधी बघा. खिडकी कुणी उघडी टाकली ते मागाहून भांडा."

मी उभी राहिले. टोपीच्या तारा ताणल्या गेल्या.

"हे माझं वाक्य आहे!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. हिवाळ्यात बापलेक खिडकीवरून भांडत बसायचे आणि मी पोळ्या लाटताना ओरडायचे, ते हे वाक्य. ऋजुतानं ते इंग्रजीत नेलं असणार. त्याच्या भाषणांसाठी तिनं लिहून ठेवलेल्या कागदांतून यंत्रानं उचललं असणार. माझ्या स्वयंपाकघरातलं बोलणं घालून हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला होता, आणि मी घरात ज्या पोरीवर ओरडायचे ती खुनी ठरली होती.

"बसा मॅडम, कृपा करून," वकील म्हणाला.

"हेमा," दिनकर हळूच म्हणाले. "बस गं."

बसले.

यंत्राचा आवाज मऊ होता, बाईचा. त्यानं आम्हाला ऋजुताबद्दल विचारलं. ती रागावली की काय करायची? भांडी घासायची, मी सांगितलं, घासलेलीसुद्धा पुन्हा. ती बर्फावर कशी वागायची? ते दिनकरांनी सांगितलं.

"मी तिला सात वर्षांची असल्यापासून मासे धरायला न्यायचो. बर्फावर गाडी घातली की पट्टा सोडायचा आणि काच पूर्ण खाली करायची. थंडीनं कान गळून पडले तरी वर करायची नाही. बर्फ फुटला तर तेवढाच रस्ता असतो. ती माझ्याआधी काच खाली करायची. मी विसरलो तर मला रागवायची."

मग यंत्रानं कॉर्नेलियाला विचारलं, "त्या ट्रकबद्दल सांगा."

वकिलानं तिला इतर प्रश्नांसाठी तयार केलं असेल. गाडी कुणी चालवली, त्या संध्याकाळी काय झालं. पण हा प्रश्न नुसता ट्रकचा होता, आणि ट्रक म्हटल्यावर ती फुलली.

"त्या ट्रकच्या स्टिअरिंगच्या चाकावर लॉक्रिज रक्ताशिवाय कुणाचा हात पडलेला नाही," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी मी नवऱ्याला म्हटलं, एकदा मला चालवू दे. तो म्हणाला, कॉर्नेलिया, तू लॉक्रिजांच्या घरात आलीस, पण लॉक्रिज झाली नाहीस. मला वाईट नाही वाटलं. अभिमान वाटला, की मी अशा घरात आले. एवरेटला मी लहानपणापासून तेच शिकवलं. जीव गेला तरी त्या चाकावर परक्याचा हात पडता कामा नये. आणि माझ्या मुलानं माझा शब्द कधी मोडला नाही. ताप असो, दारू असो, काहीही—"

ती थांबली.

वकिलाचा चेहरा पिठासारखा झाला. समोरच्या पडद्यावर कडेला एक पट्टी होती, इतका वेळ हिरवी असलेली. ती लाल झाली आणि तिच्याखाली शब्द आले, 'सुरुवात जुळत नाही.'

मी कॉर्नेलियाकडे बघत होते. तिला कळलं होतं. आणि मला कळलं, तिला एकोणीस वर्षं ठाऊकच होतं.

बाहेरच्या बोळात मी सलीलला गाठलं. "काय जुळत नाही?"

"लाख वेळा सोडून पाहिलं काकू. एकदाही ऋजुता स्टिअरिंगवर बसत नाही."

"मग आता?"

त्यानं खाली बघितलं. "आता ते खिळा ठोकतील."

दुसऱ्या दिवशी वकील आमच्या घरी आला. बोलला गोड. ऋजुता चित्रपटात दाखवायला आमची परवानगी हवी होती. आणि एक विनंती होती, की बैठकीतला तो हक्क आम्ही वापरू नये. बदल्यात ऋजुताचं सगळं आयुष्य आमच्या घरात येणार होतं, आमच्या भिंतीवर. बघायचं, तिच्याशी बोलायचं, रोज, आम्ही जिवंत असेपर्यंत. आम्ही तो प्रश्न विचारला तर संस्था सगळं काम बंद करणार होती आणि ऋजुता पुसली जाणार होती.

तो गेल्यावर दिनकरांनी चहा टाकला. मी म्हटलं, "मी विचारणार."

"थांब जरा."

"कशाला थांबू? तिनं चालवली नाही. म्हातारी स्वतः बोललीय. एक प्रश्न विचारायचा, संपलं. सगळ्या देशाला कळेल."

"कळेल. आणि मग?"

"मग म्हणजे? तिचं नाव धुऊन निघेल!"

"नावाला काय कवटाळायचंय?" दिनकर ओरडले. त्यांना ओरडताना मी आयुष्यात दोनदा ऐकलंय. "नाव काय 'बाबा' म्हणून हाक मारणार आहे? तू लढलीस, ठीक आहे. तुला राग आहे, तू रागावर जगलीस. माझ्याकडे काय होतं? मी कपड्यांना इस्त्री करत बसलो. मला एकदा तिच्याशी बोलू दे, हेमा."

"ती ती नाही हो. गणित आहे."

"असेल. मला कुठं ठाऊक गणित कसं बोलतं."

चहा उतू गेला. दोघांपैकी कुणी गॅस बंद केला नाही.

मला इतका राग आला होता की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. राग लॉक्रिजांचा होताच, पण तो आता माझ्याच माणसावर फिरला होता. हीच त्या लोकांची हुशारी. ते स्वतः भांडत नाहीत. ते तुमच्या दोघांमध्ये एक वस्तू ठेवून निघून जातात.

शेवटी मी म्हटलं, "जा. एकदा बोला. त्याआधी मी तोंड उघडणार नाही. नाहीतर जन्मभर म्हणाल, हिनं मला पोरगी भेटू दिली नाही."

"तू?"

"मी येईन. बघणार नाही."

संस्थेतल्या त्या खोलीत एक भिंत खिडकीएवढी उजळली. मी तिच्याकडे पाठ करून बसले. माझ्यासमोर कॉर्नेलिया होती, तिचा वकील आणि सलील. त्यांच्या चष्म्यांत काहीतरी हलताना दिसत होतं. मी जमिनीकडे बघितलं.

"बाबा! मफलर कुठाय तुमचा?"

तोच आवाज, थोडा जाड झालेला. मी खुर्चीच्या कडा धरल्या.

"आहे गं. गाडीत राहिला," दिनकर म्हणाले.

"गाडीत मफलर आणि गळा उघडा! आई ओरडत नाही वाटतं हल्ली?"

"ओरडते ना. रोज ओरडते."

हसले. खरंच हसले. तिनं मुलीचं सांगितलं, बारा वर्षांची आहे, वरण खात नाही. केस पांढरे व्हायला लागलेत म्हणाली. दिनकर मधून मधून नुसतं "हो का" म्हणत होते. माझ्या मनात आलं, राहू दे. राहू दे सगळं, गेला तो प्रश्न खड्ड्यात. माणूस हसतोय.

मग ते म्हणाले, "ऋजू, त्या संध्याकाळी तळ्यावर... काच खाली केली होतीस ना गं?"

"नाही हो बाबा. एवरेटला सर्दी झाली होती, म्हणून बंदच ठेवली. चूक माझीच. मला बर्फ कळलाच नाही. त्यानं ऐन वेळी डावीकडे वळव म्हटलं म्हणून वाचले. मी अजून दरवर्षी त्याचे आभार मानते. माझा जीव त्याचा आहे ना एका अर्थी."



"पण मी तुला शिकवलं होतं," दिनकर म्हणाले. "सात वर्षांची होतीस. लाल टोपी होती तुझी."

"काय शिकवलं होतंत बाबा?"

तिनं ते इतक्या सरळ विचारलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा नव्हता. तिला ठाऊकच नव्हतं. खिळ्याला हवं होतं की हिला बर्फ कळू नये. म्हणून यंत्रानं ते सगळे रविवार काढून टाकले होते. मासे, टोपी, काच, बाप.

माझ्या मागे खुर्ची सरकली.

"मिस्टर म्हेत्रे," वकील घाईनं म्हणाला, "आपण जरा थांबू या—"

"खिळा कुठे ठोकलाय?" दिनकर म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, सावकाश, सगळ्यांना कळेल असं. "मी बैठकीला बसलोय. मला हक्क आहे. खिळा कुठे ठोकलाय?"

सलील उठला. तो वकिलाकडे न बघता म्हणाला, "खिळा एकच आहे. ऋजुता म्हेत्रे गाडी चालवत होती, या गोष्टीवर."

"आणि तो काढला तर?"

"काढला तर यंत्राला लहानात लहान बदल एकच सापडतो." सलीलनं पडद्यावरून वाचलं. "'ती म्हणाली, थांब. आणि तो थांबला.' ती दर वेळी थांब म्हणतेच. बदल तेवढा त्याच्या थांबण्याचा."

"बाबा?" मागून आवाज आला. "काय झालं? आई आहे का तिथं?"

मी वळले नाही. कसं वळले नाही ते मला विचारू नका. कुणीतरी कळ दाबली आणि भिंतीवरचा उजेड माझ्या समोरच्या जमिनीवरून निघून गेला.

कॉर्नेलिया काठीवर भार देऊन उभी राहिली. ती रडत होती. "तुम्ही दोघांनाही पुन्हा मारलंत," ती म्हणाली. "माझ्या मुलाला आणि तुमच्या मुलीला."

"मेलेल्याला कुणी पुन्हा मारत नाही, बाई," मी म्हटलं. "त्याच्या तोंडात खोटं कोंबता येतं फक्त. ते तुम्ही केलंत. आधी मेलेल्या पोरीच्या तोंडात, मग जिवंत करून तिच्याच तोंडात. आणि तुम्ही तरी कशाला रडता? त्या ट्रकला हात लावू दिला नव्हता ना तुम्हाला? मग इतकी वर्षं त्या चाकाची राखण कशाला केलीत?"

ती बसली. पुन्हा उभी राहायला तिला वकिलाचा हात लागला.

चित्रपट निघाला नाही. उत्तर कायद्याप्रमाणे जाहीर झालं, दोन दिवस सगळीकडे तेच होतं. प्रेस्टन लॉक्रिज म्हणाला, यंत्रं चुकू शकतात. त्याच्या घरची माणसं वर्षभर यंत्र किती अचूक आहे ते सांगत हिंडत होती, हे कुणी त्याला विचारलं नाही. निवडून आला तो. थोड्या मतांनी, पण आला. घराण्याचं नाव असलं की माणूस बुडत नाही, शेजारी बसलेला बुडतो.

गावात मात्र माझ्या दुकानाची घंटा वाजायला लागली. इतकी वर्षं न आलेल्या बायका पँटी घेऊन आल्या, पडदे घेऊन आल्या. एकीनं झाकलेल्या भांड्यात गरम काहीतरी आणलं आणि म्हणाली, "आम्हाला कधीच खरं वाटलं नव्हतं बरं का, हेमा."

"मग इतकी वर्षं कुठं होतीस?" मी विचारलं. "माप दे. लांबी किती हवी?"

सलील एकदा येऊन गेला. नोकरी गेली होती त्याची. या वेळी बाकरवडी नव्हती. मी त्याला जेवायला बसवलं. दिनकर त्याला बर्फाचं सांगत बसले.

मग महापौर आला. टोपी हातात धरून म्हणाला, दगडावर एवरेटच्या नावाखाली ऋजुताचं नाव घालायचं ठरलंय.

"खाली नको," मी म्हटलं.

"मग शेजारी?"

"नावच नको. दगडाची मागची बाजू कोरी आहे, तळ्याकडची. तिथं तीन शब्द लिहा. ती म्हणाली, थांब."

तो घुटमळला. "वाक्य अर्धवट वाटेल. लोक विचारतील, पुढे काय झालं."

"विचारू देत. तुम्ही सांगा. तोंडानं सांगा, गावातल्या प्रत्येकाला सांगावं लागू दे."

लिहिलं त्यांनी. जो कोणी आता त्या काठावरून बर्फावर उतरतो त्याला परत येताना ते शब्द समोर दिसतात.

जानेवारीत आम्ही दोघं गाडी घेऊन तळ्यावर गेलो, मासे धरायला. ऋजू गेल्यापासून पहिल्यांदाच. काठ सुटला तसा दिनकरांनी पट्टा सोडला. मी माझा सोडला. त्यांनी हात लांबवायच्या आधी मी माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली. वारा असा आत आला की कानांत सुया टोचल्या.

दिनकर गाडी अगदी हळू चालवत होते. चिंचोळ्या बाजूकडे त्यांनी एकदा बघितलं आणि डोळे समोर घेतले.

"गारठलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"गारठले," मी म्हटलं. "काच वर करू नका."